रिम गेज अपडेट: रीडिंग का सरकत होतं ते सापडलं!!

गेल्या वेळी रडलो होतो ना, की पॉइंट टू-टू रायफलच्या राउंडची (काडतुसाची) रिम, म्हणजे बुडाची कड, किती जाड ते मोजायचं गेज केलंय, पण तोच राउंड अर्ध्या तासाने परत मोजला की ०.०२ मिमी जास्त दाखवतो, तर त्याचा चोर सापडला. मेण!

आधी संशय कॅलिपरवर. ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला डिजिटल शून्यावर नीट परतच येत नव्हता, शेवटी मित्राचा मित्सुतोयो आणला (त्याला तोड नाही, खिसा रिकामा होतो ते सोडा). तरी तेच. मग वाटलं बुडावरचा उठावाचा शिक्का नडतोय, राउंड फिरवून फिरवून मोजला, तसं काही नाही. शेवटी भोसरीच्या टर्नरकडून करून घेतलेलं बुश (ज्या भोकात राउंड बसवून मोजतो ती नळी) भिंगाखाली धरलं तर भोकाच्या काठावर तपकिरी कडं साचलेलं. आपल्या पॉइंट टू-टूच्या बुलेटला मेणाचं वंगण असतं, भोक ५.७५ चं, प्रत्येक राउंड आत जाताना थोडं खरवडलं जातं आणि पुढच्याची रिम त्या थरावर बसते. पेट्रोलचा बोळा फिरवला, रीडिंग जागेवर!

आता काठाला चॅम्फर (तिरकी कड) मारून मेणाला जागा द्यावी म्हणतोय, पण अगदी नखाएवढा, जास्त झाला तर रिमच आत बुडेल.

एवढा आटापिटा कशाला, तर आपल्याकडे हेडस्पेस (राउंड चेंबरमध्ये किती आत बसतो ते) म्हणजे रिमच. केसला शोल्डर (मानेखालचा उतार) नाही, रीलोडिंगवाल्यांसारखं (वापरलेली केस पुन्हा भरणारे) केस रीसाइज करून जुळवायची सोय नाही, डब्यातून निवडायचं एवढंच हातात. रिमची कमाल जाडी ०.०४३ इंच, म्हणजे १.०९ मिमी. पातळ निघाली की पिनचा मार राउंड पुढे ढकलण्यात जातो, रिममधलं प्रायमिंग (पेट घेणारा मसाला) एकसारखं चिरडत नाही, वेग खालीवर. ५० मीटरवर सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी उभ्यात सात-आठ मिलिमीटर, आणि आपली दहाची रिंग अख्खी १०.४ ची!

बालेवाडीच्या रेंजवर निवडलेले राउंड मारले, खाली पडणारा तो हरामखोर फ्लायर (बाकीच्यांपासून भरकटलेला शॉट) दिसला नाही. पण लगेच नाचत नाही, लॉट (कारखान्यातली एका खेपेची काडतुसं) चांगला असणं याहून मोठी गोष्ट आहे हे माझं मत कायम.

सगळा डबा जाडीप्रमाणे लावायचा बेत होता, तो रद्द, फक्त टोकाचे (फारच जाड किंवा पातळ) बाजूला काढणार. आणि हे टाइप करतानाच सुचलं, कॅलिपर हवाच कशाला, स्टँडवर डायल गेज लावला तर अंगठ्याचा दाब पण गेला. बोहरी आळीत स्टँड बघतो, कुणाकडे जुना पडून असेल तर आधी सांगा.