मिठीचा गाळ तपासायला निघालात तर: फिल्टरपाडा ते माहीम

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या कुर्ल्याच्या घरात शिरली. पाणी ओसरल्यावर घोटाभर काळा, तेलकट गाळ उरला होता. आईने आणि मी तो उघड्या हातांनी खरवडून काढला. त्यात काय होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून यंदा पावसाळा संपल्यावर, नदीच्या पाण्यात आणि गाळात कुठले धातू किती आहेत ते तपासायला, एका शनिवारी भाच्याला घेऊन निघालो. शनिवार अशासाठी की नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हवेत आणि रविवारी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं.

सुरुवात फिल्टरपाड्यातून केली. विहार आणि पवई तलावांतून ओसंडलेलं पाणी म्हणजेच मिठी, आणि इथे ती अजून ओढ्यासारखी दिसते. कपडे धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "म्युनिसिपालटीचे का तुम्ही?" "नाही मावशी, आमचं आम्हीच तपासतोय." "मग काय निघालं ते सांगायला या."

हा पहिला नमुना कधीही टाळू नका. मुंबईची माती काळ्या कातळातून झालेली आहे. तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतं. वरच्या अंगाचा आकडा हाती नसेल तर कुर्ल्याच्या गाळातलं क्रोमियम कातळाचं की कारखान्याचं, हे कसं ठरवणार? फक्त तलावाच्या काठाशी जाऊ नका, तिथे मगरी आहेत.

पाणी आधी, गाळ नंतर. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. गाळ प्लॅस्टिकच्या चमच्याने, वरचा थर तेवढाच, पाच जागांचा एकत्र करून. पाणी वाहून जातं, पण धातू बारीक गाळाला चिकटून राहतात, त्यामुळे पैसे कमी असतील तर पाण्यापेक्षा गाळावर घाला.

साकीनाक्यानंतर काठावर उतरण्यासारखं राहत नाही. कुर्ल्याला भंगाराची गोदामं, धुतलेली तेलाची पिंपं, पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग. इथे पुलावरून दोरीने बादली सोडली. बादली बुडावी म्हणून भाच्याने तिला एक लोखंडी नट बांधला होता. बादली वर आली तेव्हा उन्हात तो चकाकला: जस्ताचा मुलामा! पाणी ओतून दिलं, दुसरी बादली घेतली, वजनाला दगड बांधला. पण त्याआधी साकीनाक्याला तीच बादली वापरली होती, म्हणून तिथला जस्ताचा आकडा आम्ही धरणार नाही.

बीकेसीपासून (वांद्रे-कुर्ला संकुलापासून) माहीमपर्यंत भरतीचं पाणी आत येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीलाच जा, आणि पाणी खारट आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगा, नाहीतर मिठामुळे मोजणी बिघडते. टीडीएस मीटर न्यायची गरज नाही, तो पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत तेवढंच सांगतो, शिसं ओळखत नाही.

गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पायाला जखम असेल तर जाऊच नका, लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा आहे. पाणी टिकवायला नायट्रिक ॲसिड लागतं, पण ते लोकलमधून न्यायला मनाई आहे. त्याच दिवशी पोचवलंत तर प्रयोगशाळाच घालते. सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, मोजून हवं असेल तर वेगळी बाटली, बिनॲसिडची, बर्फात, २४ तासांच्या आत. शिवाय एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरून दिवसभर सोबत फिरवा. त्यातही धातू निघाले तर दोष आपल्या बाटल्यांचा.

पैसे भरण्याआधी प्रत्येक धातूसाठी किमान किती मोजता येतं ते लेखी मागा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आम्ही आधी विचारलेल्या एका ठिकाणचं यंत्र ०.०५ च्या खाली बघूच शकत नव्हतं, आणि तरी अहवालात ते 'आढळले नाही' असंच लिहिणार होते.