बरा झाला ना आता?

सोसायटीत, लग्नात, शाळेच्या गेटवर सगळ्यांचा एकच प्रश्न, "मुलगा पूर्ण बरा झाला ना?" मी आपली "हो हो" म्हणून सटकते. पण तुम्ही बसवून घेऊन विचारलंत म्हणून नीट सांगते.

गाठ मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतली, कॅन्सरची. वय साडेसहा. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, चालताना तोल जायचा, आणि आम्ही दोन महिने पित्त नि जंत यातच घालवले. ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये गाठ पूर्ण निघालेली, डॉक्टर खूश. शुद्धीवर आल्यावर पाणीसुद्धा मागितलं त्याने. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र एक शब्द नाही. नुसतं किंचाळून रडणं, मान धरेना, नजर देईना. मला वाटलं आत काहीतरी चुकून कापलं गेलं. राउंडला आलेल्या एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने सांगितलं, याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात, या गाठीच्या ऑपरेशननंतर साधारण चारात एका मुलाला होतं, बोलणं बहुतेक परत येतं पण कधी ते सांगता येत नाही. अहो मग हे सही घेताना सांगायला काय झालं होतं? रक्तस्राव, इन्फेक्शन, जिवाला धोका, सगळं वाचून दाखवलं, हे सोडून. तो राग अजून आहे माझा.

रेडिएशन फार लांबवता येत नाही, त्यामुळे तो मुका असतानाच सुरू झालं, तीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, तोंडावर जाळीचा मास्क. पाच आठवड्यांनी एका संध्याकाळी कुजबुजल्यासारखं म्हणाला, "पंखा." थंडी वाजत होती त्याला. मी बंद केला, आणि पाप लागेल मला, परत चालू केला. परत म्हणाला.

आज तेरा वर्षांचा आहे, गाठ परत आलेली नाही. त्याच्यासारख्या कमी धोक्याच्या केसमध्ये शंभरातली ऐंशीएक मुलं पाच वर्षं पार करतात, म्हणजे आम्ही नशीबवानच. (शेजारच्या ताईंच्या भाच्याला पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा होता, म्हणजे मेंदूतलीच पण हळू वाढणारी गाठ, नुसत्या ऑपरेशनवर भागलं, तो क्रिकेट खेळतो. दोघांची तुलना करू नका प्लीज, ती गाठच वेगळी.) आमच्याकडे सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कान गेले थोडे, स आणि श ऐकू येत नाही, मशीन लावतो. उंचीसाठी रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन. एक वर्ष मागे, सहावीत आहे. बुद्धी शाबूत आहे हो, पण वेग गेलाय. गणित येतं, पेपर पुरा होत नाही. बोर्डाला जादा वेळ मिळतो म्हणतात, इथे युनिट टेस्टच्या पंधरा मिनिटांसाठी दरवेळी अर्ज घेऊन ऑफिसात उभी असते मी.

काही विचारलं की उत्तर यायला सातआठ सेकंद लागतात. मी मनात मोजते. लोक तीनपर्यंतही थांबत नाहीत, माझ्याकडे वळतात. परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कितवीत रे तू?" मी मुद्दाम गप्प. त्यांचा मजला आला, उतरल्या, दार लागलं.

"सहावीत," तो दाराला म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला.