गाडीचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिघांची अक्षरं असतात. दुधाचे खाडे सासूबाई मांडतात, सिलिंडर लावल्याची तारीख मी लिहिते आणि मुलगा परीक्षेच्या तारखा लिहून मग खोडतो. गेल्या दिवाळीनंतर त्या चौकोनांत पेट्रोल आलं.

मी मिरजेत राहते आणि सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. पोत्यामागे हमाली किती, तोलाई किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण स्कूटरला महिन्याला पेट्रोल किती लागतं, असं एकदा मुलानं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. "दोनशेचं टाकते," एवढंच सांगता आलं. "दोनशेचं म्हणजे किती?" त्यानं पुन्हा विचारलं.

मुद्दा बिनतोड होता. लिटर सत्तर रुपये होतं तेव्हा दोनशेत पावणेतीन लिटरच्या वर यायचं. २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, आता दोन लिटरही येत नाही. मी मात्र इतकी वर्षं पंपावर तेच वाक्य बोलत होते आणि घरी येऊन गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मेकॅनिकला नावं ठेवत होते. दोनदा प्लगसुद्धा बदलून घेतला.

पूर्वी दर वाढला की कळायचं तरी. पंधरवड्याला दर बदलायचे, टीव्हीवर 'मध्यरात्रीपासून' असं आलं की आमचे हे जेवण अर्धवट टाकून पंपावर रांगेत उभे राहायचे. दोन लिटरवर तीन रुपये वाचवायला पाऊण तास! जून २०१७ पासून दर रोज ठरायला लागले आणि त्या रांगा संपल्या. पाच-दहा पैशांनी वाढलेलं कुणाला जाणवतं? आणि करांचं म्हणाल तर हळदीच्या बिलावर मी जीएसटी लावते, पण पेट्रोल जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. त्यावर आमच्या पेढीवर रोज चहाबरोबर चर्चा होते, आणि चहा संपला की चर्चाही संपते.

तर मी हिशेब मांडला. टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा कालनिर्णयवर लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि किती लिटर बसलं ते लिहायचं. पहिल्याच महिन्यात १४ लिटर निघालं. घर ते पेढी जाऊन-येऊन १६ किलोमीटर, २५ दिवस, म्हणजे ४०० किलोमीटर. माझी गाडी साधारण ४२ चं अ‍ॅव्हरेज देते, त्याला साडेनऊ लिटर पुरे. मग वरचं साडेचार लिटर गेलं कुठं?

कोथिंबिरीत गेलं. झेरॉक्समध्ये, ब्लाऊजला हूक लावून आणण्यात, मुलाला क्लासला सोडण्यात, 'आलेच दोन मिनिटांत' म्हणून काढलेल्या चकरांत. कोपऱ्यावरचा भाजीवाला आमच्या दारापासून चारशे पावलं आहे, मोजलीत मी. तिथं मी स्कूटरवरून जात होते. त्यात गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते तापेपर्यंत मी घरी परत आलेली असायची.

सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. डाळ भिजवल्याशिवाय कुकरला लावायची नाही, उकळी फुटली की गॅस बारीक, भाताच्या कुकरमध्येच बटाटे, हे सगळं त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. एकदा मी फाटकाशी गाडी चालू ठेवून शेजारच्या काकूंशी बोलत उभी होते. काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण, विषय मोठा होता. सासूबाई आतून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गॅसवर रिकामं पातेलं ठेवून गप्पा मारशील का गं?" मी चावी फिरवली. त्या दिवसापासून विजयनगरच्या सिग्नललाही आपोआप हात चावीकडे जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

चकरा बंद झाल्या, पण माझा हात हिशेबाला लागला होता. माडीवर मुलाची सायकल दोन वर्षं धूळ खात पडली होती. ट्यूब बदलल्या, ब्रेकचे रबर घातले आणि एका सोमवारी मिशन हॉस्पिटलवरून वानलेसवाडी, विजयनगर, विश्रामबाग करत पेढीवर गेले. चाळीस मिनिटं लागली. स्कूटरला वीस लागतात. विश्रामबागला ओढणी चेनमध्ये गेली आणि भर रस्त्यात वाकून, काळ्या हातांनी, मी ती इंच इंच सोडवली. अर्धी ओढणी ग्रीसमध्ये. आता ती सायकल पुसायला आहे.

पेढीवर शेठ म्हणाले, "वहिनी, गाडी विकली काय?" त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. पगार वाढवून मागणार की काय, अशीही असेल. आमच्याकडे सायकलवरून हमाल येतात, हिशेबनीस बाई येत नाही. त्या हमालांतल्याच एका मामांनी दुपारी सायकलला हात घातला आणि सीट चार बोटं वर घेतली. "खाली बसून मारली की गुडघं धरत्यात, ताई." परतीचा रस्ता अर्धा झाल्यासारखा वाटला.

साताऱ्याच्या नणंदेला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इकडं ये आणि बोगद्याचा चढ चढून दाखव, मग बोल." तिचं बरोबर आहे. सांगली-मिरजेचा रस्ता ताटासारखा सपाट, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जुलैत आभाळ फाटतं तेव्हा मीही स्कूटरच काढते, रेनकोट घालून.

माहेर तासगावला. तिकडं पूर्वी आम्ही दोघं गाडीवरून जायचो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मी एसटीनं जाते आणि खिडकीशी बसून द्राक्षाच्या बागा बघते. हे मात्र अजून बाइकवरून येतात, आणि स्टँडवर मला घ्यायला थांबलेत असं दाखवतात.

त्यांचं सध्या म्हणणं असं की पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. थोडं पडणारच. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पण आमच्या दिराचा ऊस कारखान्याला जातो आणि बिल आलं की घरात पेढे येतात, त्यामुळं या विषयावर आमच्याकडे फार मोठ्यानं बोललं जात नाही. आणि किती पडलं म्हणून विचारलं, तर हे म्हणतात, "दोनशेत पूर्वीइतकी जात नाही."

परवा सकाळी मी सायकल काढत होते. सासूबाईंनी पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली, एक फुली मारली.

"आज दूध आलंय की, आई."

"ते गाडीचं आहे. आज गाडीचा खाडा."

या महिन्यात गाडीचे अकरा खाडे झालेत. दुधाचे दोन. मुलगा विचारतोय, खाड्याचे पैसे कापून कुणाला द्यायचे.