दोन शर्यतींमधली रात्र

काठावर उभे राहून पाहणाऱ्याला रोइंगची शर्यत सात-आठ मिनिटांत संपलेली दिसते. दोन हजार मीटरचे सरळ पाणी, सहा लेन, हिरवा इशारा, आणि मग शेवटच्या रेषेपाशी वल्ह्यांवर वाकलेली माणसे, एवढेच त्याच्या हाती लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धा मात्र काही दिवस चालते आणि तिचा निकाल, निदान आमच्या बाबतीत तरी, जितका पाण्यावर लागला तितकाच दोन शर्यतींच्या मधल्या तासांत लागला. त्या तासांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची बोट ‘क्वाड’ होती. म्हणजे चौघी जणी, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही, आणि दिशा सांगायला वेगळा कॉक्स नाही. रोइंगमध्ये तोंड मागच्या दिशेला असते, त्यामुळे सर्वांत पुढच्या टोकाला, म्हणजे ‘बो’च्या जागेवर बसणारीला अधूनमधून खांद्यावरून मागे पाहून बोट सरळ ठेवावी लागते. ती जागा माझी होती. लय ठरवणारी ‘स्ट्रोक’ मात्र दुसऱ्या टोकाला बसते. ती निफाडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. तिची पाठ मला अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ झाली आहे.

नाशिकमध्ये आम्ही गोदावरीवर शिकलो. महाविद्यालयाच्या मागेच नदी असणे हे मोठे भाग्य, पण या नदीला वळणे आहेत आणि पूल आहेत, त्यामुळे शर्यतीच्या लांबीचे सलग पाणी तिथे मिळत नाही. पाणवेलींचा थर आला की वल्ह्याचे पाते त्यात अडकते आणि बोट जागच्या जागी वळते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाण्यावर उतरणेच बंद होते. तेव्हा महिनोन्महिने एर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच वल्हवण्याच्या यंत्रावर, बंद खोलीत, आकड्यांकडे पाहत सराव करावा लागतो. लांब पल्ल्यासाठी आम्ही धरणाच्या जलाशयावर जात असू, पण तिथेही वाऱ्याची वेळ सांभाळावी लागे. हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. वळणावळणाच्या पाण्यात शिकलेल्या चौघी बोटीचा तोल फार लवकर ओळखतात, हे मला पुढे चंडीगडला कळले.

स्पर्धा सुखना तलावावर होती. सुखना चो नावाच्या ओढ्याला बांध घालून 1958 मध्ये हा तलाव तयार करण्यात आला. शहराचे वास्तुरचनाकार ल कॉर्बूझिए यांच्या आराखड्याचा तो भाग. मागे शिवालिकच्या टेकड्या आणि हिवाळ्यातले सकाळचे धुके. धुक्यामुळे शर्यती पुढे ढकलल्या जात आणि आम्ही जर्किन घालून काठावर बसून राहत असू. तयार झालेले शरीर पुन्हा थंड होऊ न देणे, हे त्या वाट पाहण्यातले खरे काम होते.

बोट यजमानांची होती, जशी ती लांबच्या स्पर्धेत बहुतेक संघांची असते. बारा-तेरा मीटर लांबीची आणि किमान बावन्न किलोची बोट नाशिकहून नेणे सोपे नाही. त्यामुळे आधीच्या संघाच्या उंचीला जुळवलेले फूट स्ट्रेचर, म्हणजे पाय अडकवायच्या पट्ट्या, सोडवून, पाना हातात घेऊन, आपल्या पायांच्या मापाला पुन्हा बसवायचे; वल्हे टेकते त्या बाहेरच्या चौकटीची, म्हणजे रिगरची, उंची पाहायची; मग पाण्यात. हे सगळे करायला मिळणारा वेळ थोडा असतो.

हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, आम्ही तिसऱ्या आलो. समोरून वारा होता. सुरुवातीला आमचा रेट मिनिटाला चौतीस स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचे चौतीस फटके, होता, आणि समोरच्या वाऱ्यात एवढ्या वेगाने वल्हवताना प्रत्येक स्ट्रोक आखूड होत गेला. हजार मीटरपर्यंत आम्ही दुसऱ्या होतो. त्यानंतर पंजाबच्या मुलींची बोट आमच्या बाजूने अशी पुढे गेली की तिच्यात धडपड अशी दिसलीच नाही. आमच्या गटात हीटची पहिली बोट थेट अंतिम फेरीत जाणार होती आणि बाकीच्या रेपेचेजमध्ये, म्हणजे दुसरी संधी देणाऱ्या फेरीत, जिथून दोनच बोटींना पुढे वाट होती.

त्यानंतरची रात्र मला शर्यतीपेक्षा स्पष्ट आठवते. सरांनी कोणालाही रागावून काही म्हटले नाही. आधी त्यांनी आम्हाला पुन्हा पाण्यावर पाठवले, अगदी सावकाश वल्हवायला, कारण थकलेल्या स्नायूंतले लॅक्टेट आडवे पडून राहण्यापेक्षा हलक्या हालचालीने लवकर निघते. मग खाणे. मेसमधले पराठे रात्री जड होतील म्हणून आम्ही दही-भात मागून घेतला आणि घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू वाटून खाल्ले. स्ट्रोकच्या वडिलांचा फोन आला. द्राक्षकाढणी सुरू होती, त्यांना येता आले नव्हते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “उद्या परत आहे ना गं शर्यत? मग झोप आता.”

झोपण्यापूर्वी सरांनी एकच बदल सांगितला. “रेट एकतीसवर आणा. वल्हे पाण्यातून निघाल्यावर सीट पुढे सरकते ना, तिथे घाई करू नका. बोट तुमच्या खालून धावतेय, तिला धावू द्या.” ही रिकव्हरीची अवस्था बाहेरून विश्रांतीसारखी दिसते. प्रत्यक्षात चौघींचे वजन बोटीच्या प्रवासाच्या उलट दिशेला सरकत असते, आणि ते झटक्याने सरकले तर ड्राइव्हमध्ये, म्हणजे वल्हे पाण्यातून ओढताना, मिळवलेला वेग तिथेच जातो. तत्त्व आम्हाला नवे नव्हते. पण चौघींनी एकाच रात्री, एकाच गोष्टीवर विश्वास ठेवायचा होता, आणि त्याला सरावाचे दुसरे सत्र मिळणार नव्हते.

त्या वेळी खोलीत दत्तू भोकनळ यांचा विषय निघाला, आणि नाशिककर रोइंगपटूंच्या खोलीत तो निघणारच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा माणूस सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरीत तेरावा आला. आम्हाला त्या रात्री आठवली ती 2018 ची आशियाई स्पर्धा. पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते सहावे, म्हणजे शेवटचे आले, आणि दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाडमध्ये सुवर्णपदक जिंकले. हाच प्रकार, याच चार जागा. आदल्या दिवशीची शर्यत मनातून उतरवून बोटीत बसणे किती अवघड असते, हे आम्ही त्या क्षणी अनुभवत होतो, म्हणून मला ते पदक एरवीपेक्षा फार मोठे वाटले.

रेपेचेजमध्ये वारा पडला होता. पहिल्या पाचशे मीटरला आम्ही चौथ्या होतो आणि तरीही कोणी घाई केली नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते. एकतीसवर चारही पाती एकत्र पाण्यात जात होती, एकत्र निघत होती, आणि बोटीखालून पाण्याचा तो बारीक आवाज सलग येत होता. हजार मीटरनंतर एकेक बोट मला, मागे तोंड करून बसलेलीला, समोर दिसू लागली. पुढे गेलेल्या बोटी आपल्याला दिसत नाहीत, मागे पडलेल्या दिसतात. रोइंगमधले हे सुख दुसऱ्या खेळात क्वचितच असेल. शेवटच्या अडीचशे मीटरला मी ओरडले, स्ट्रोकने रेट चढवला, आणि आम्ही दुसऱ्या आलो.

अंतिम फेरीत पाचव्या. पदक मिळाले नाही, आणि पहिल्या तीन बोटी आमच्यापेक्षा स्पष्टपणे चांगल्या होत्या. विशेषतः सुरुवातीच्या दहा स्ट्रोकमध्ये त्या जे अंतर घेत, ते भरून काढण्याइतकी ताकद अजून आमच्या पायांत नाही. येत्या हंगामाचे काम तेच आहे.

स्ट्रोक आणि तीन नंबरची जागा यंदा रिकामी होते आहे, कारण त्या दोघींचे शिक्षण पूर्ण झाले. पाऊस संपून नदी शांत झाली की निवड चाचणी होईल. उंची चांगली असेल तर उत्तम, पण पोहता येणे ही अट सर्वांना आहे. बाकी सगळे बोटीत बसल्यावर शिकवू.