मूठ बघायला कोल्हापूरला

माझा हात लहान आहे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. सहा वर्षांपूर्वी पिस्तूल नेमबाजी शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी जाडजूड ग्रिपचं एक पिस्तूल हातात दिलं. चापापर्यंत बोट पोचेना, म्हणून मी पंजा फिरवून धरला. मग पिस्तुलाची पाठ अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात बसायच्या ऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर आली आणि गोळ्या डावीकडे जात राहिल्या. "हात लहान आहे तुझा, रायफल घे," ते म्हणाले. मी रायफल घेतली नाही. पण ते वाक्य आत कुठेतरी रुतून बसलं, आणि तेव्हापासून कुठलंही पिस्तूल दिसलं की आधी माझी नजर त्याच्या मुठीवर जाते.

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांचं वेड तिथूनच लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही पिस्तुलं घडवणाऱ्यांपुढे ठरलेला नमुना नव्हता. हातात काय बसेल, याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने शोधलं. मला ती सगळी उत्तरं हातात धरून बघायची होती. आपल्याकडे ते सोपं नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. ९ मि.मी. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं ते माप, सामान्य माणसाला बंद. परदेशी पिस्तुलांची आयात सर्वसामान्यांसाठी १९८० च्या दशकातच थांबली, त्यामुळे आजोबांच्या काळातलं एखादं .३२ चं वेब्ली किंवा वॉल्थर विकायला निघालंच तर किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. नेमबाजांना जास्त बंदुका ठेवता येतात, पण त्या खेळाच्या.

आणि मग रेंजवरची एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या कोल्हापुरात एक अण्णा आहेत. त्यांनी जुन्या पिस्तुलांच्या मुठी जमवल्यात. लाकडाच्या."

पहाटेची एसटी धरली. खंबाटकी, सातारा, कराड मागे पडले, किणीचा टोलनाका आला, मग पंचगंगा. कावळा नाक्याला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून घेतला. अण्णांनी दुपारी बोलावलं होतं, म्हणून मधल्या वेळात न्यू पॅलेसला गेले.

काळ्या दगडातला हा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला, आराखडा मेजर मँटचा. आतल्या संग्रहालयात लोक शिकारीत मारलेल्या वाघांपुढे गर्दी करतात. मी शस्त्रांच्या काचेपुढे उभी राहिले. तिथल्या तलवारींच्या मुठी बघा. आजच्या धिप्पाड पुरुषाची चार बोटं त्यात कशीबशी मावतील. पूर्वीची माणसं लहानखुरी होती, असं सर्रास सांगितलं जातं, पण कारण तेवढंच नाही. आपल्या तलवारीची मूठ मुद्दामच आखूड. टोकाला जी बशीसारखी चकती असते ती मनगटाला टेकते, पंजा दोन्हीकडून पक्का अडकतो, आणि वार ओढून कापायचा असल्याने मनगट सैल सुटण्यापेक्षा मूठ आवळलेली हवी. ज्याने ती घडवली त्याने आधी पंजा बघितला आणि मग पातं. हाताच्या मुठीला आणि हत्याराच्या मुठीला मराठीत एकच शब्द आहे, हे काचेपुढे उभी असताना मला पहिल्यांदा नीट जाणवलं.

तिथून रिक्षाने शिवाजी उद्यमनगर. हा भाग म्हणजे लेथचा आवाज, कटिंग ऑइलचा वास आणि दाराशी रचलेलं कास्टिंग. अण्णा इथे चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी तो भाग लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. पंपाची बॉडी असो नाहीतर इंजिनाचं हाउसिंग, आधी सागवानात अण्णा, मग लोखंडात बाकीचे.

"या की ताई. जेवलासा?"

"मिसळ खाल्लीय अण्णा."

"मिसळीनं काय हुतंय? बसा, भाकरी टाकायला सांगतो."

घराच्या मागच्या खोलीत भिंतीला फळी, फळीवर अकरा मुठी. पूर्ण पिस्तूल एकही नाही. नळी अण्णा मुद्दाम बोटभर ठेवून बोथट कापतात, चाप म्हणजे आत ठोकलेली पितळी पट्टी, हलणारा भाग एकही नाही. "उगंच कुणाला बंदूक वाटाय नको. मला मुठीशी काम हाय." आत शिसं भरून वजन मात्र मूळ पिस्तुलाइतकं केलेलं. मापं कशी मिळाली? शहरातल्या एका परवानाधारक दुकानात जुन्या पिस्तुलांच्या तडकलेल्या ग्रिपच्या पट्ट्या बदलायला येतात. त्या पट्ट्या अण्णा घडवून देतात, पिस्तूल दुकानाबाहेर जात नाही, अण्णाच तिथे व्हर्नियर घेऊन बसतात. बाकीची मापं छापील आराखड्यांवरून घेतली.

पहिल्या मुठीची गोष्ट त्यांनी फार मन लावून सांगितली. पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला एक या हिशेबाने आक्रसतं, म्हणून त्या पट्टीवरचा सेंटिमीटर मुळातच तेवढा मोठा कोरलेला असतो. अण्णांनी सवयीने त्याच पट्टीने पहिलं कोल्ट, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या पिस्तुलाची मूठ, केलं. दुकानात नेऊन मूळ अक्रोडाच्या पट्ट्या त्यावर ठेवल्या तर स्क्रूची भोकं जुळेनात. "चाळीस वर्षं लोखंडासाठी वाढीव माप घेतलं. हात काय आक्रसतोय व्हय?" ते पहिलं कोल्ट त्यांनी टाकलं नाही, ते फळीच्या टोकाला आहे.

मग एकेक मूठ हातात आली.

आधी बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९०० सालचं ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंगने यात स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, जागेवर परत आणणारी स्प्रिंग नळीच्या वर बसवली, त्यामुळे नळी खाली, जवळजवळ मुठीला चिकटून. नळी जितकी खाली तितकं पिस्तुलाचं तोंड धक्क्याने कमी उसळतं, कारण धक्का मनगटाच्या वरून न जाता सरळ हातात येतो. मूठ चपटी आणि साधी, माझं बोट थेट चापावर. ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर त्यांतल्याच एका पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. शाळेत हे सगळं तारखेपुरतं शिकले होते. आता तळव्यात लाकूड असताना कान्हेऱ्यांचं वय आठवलं. सतरा-अठरा. पोरगेलाच हात असेल. मी काही वेळ बोललेच नाही, अण्णांनीही बोलायला लावलं नाही.

पुढे माउझर सी९६. मूठ गोल, तिला इंग्रजीत झाडूचा दांडा म्हणतात ते खोटं नाही. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, चापाच्या पुढे असल्याने मुठीत काडतुसं नसतात, म्हणून ती इतकी बारीक ठेवता आली. काकोरीच्या क्रांतिकारकांकडे हीच माउझर होती. माझ्या हाताला ती सुखद लागली, पण वजन सगळं पुढे, आणि तेही किलोच्या वर. एका हाताने अर्धा मिनिट धरली आणि तोंड खाली झुकायला लागलं.

लुगर हातात आलं तेव्हा मात्र मी उठून उभी राहिले. जॉर्ज लुगरने मूठ नळीला मागे इतकी कललेली ठेवली की मनगट आपोआप सरळ रेषेत येतं. अण्णा म्हणाले, "डोळं मिटा. हात वर करा. आता उघडा." भिंतीवरच्या कॅलेंडरातला १५ तारखेचा चौकोन माझ्या नेमात होता, मी काही न करता. हीच परीक्षा मी बाकी सगळ्या मुठींवर घेतली. नेम लागतो की नाही ते गोळी ठरवते, पण पिस्तूल आपलं आहे की नाही ते डोळे मिटल्यावरच कळतं, असं माझं आता ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला दोन कोल्टवर. एक मूळ १९११, दुसरं १९११ए१. लांबून जुळी भावंडं. मूळ १९११ अमेरिकन लष्कराने त्याच साली स्वीकारलं, .४५ बोअर, सात काडतुसांचं मॅगझिन, वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. महायुद्धात ते हजारो हातांत गेलं आणि तक्रारी आल्या. लहान हातांना चाप लांब पडायचा. मागे येणारा हॅमर, म्हणजे गोळी उडवणारी हातोडी, बेचक्याची कातडी चिमटायचा. हात उचलला की तोंड थोडं खाली राहायचं. मग १९२० च्या दशकात ए१ आलं: चाप आखूड केला, चापामागे चौकटीवर दोन्ही बाजूंना बोटासाठी उतार कापले, मुठीच्या पाठीचा खालचा भाग फुगवला म्हणजे तळवा तोंड वर ढकलतो, आणि बेचक्यावरची शेपटी लांबवली. यंत्र तेच राहिलं, बदल झाले ते हातासाठी. अण्णांनी दोन्ही माझ्या हाती एकदम दिली नाहीत. आधी जुनं दिलं, बोटाचं टोकच चापावर टेकलं. मग नवं. बोटाचं पहिलं पेर पुरतं बसलं.

मला तेव्हा भरून आलं, ते लपवत नाही. "हात लहान आहे" ही तक्रार त्या काळात ऐकून घेतली गेली होती, आणि तीही एका अख्ख्या लष्कराची. कुणी त्या सैनिकांना दुसरा खेळ बघा म्हटलं नाही, चाप बदलला.

ब्राउनिंग हाय-पॉवर, १९३५ सालचं. तेरा काडतुसं दोन रांगांत, तरी मूठ गोलसर आणि हातात भरणारी. आपल्या फौजेतलं इशापूरचं ९ मि.मी. याच जातीचं, अण्णांचे मेहुणे त्याचे गोडवे गायचे. मला चाप किंचित लांब पडला. मोठ्या तळव्याला यासारखं दुसरं नसावं. वॉल्थर पीपीके सुबक, पण माझी करंगळी खाली लटकली.

शेवटी खिशातलं कोल्ट, १९०३ सालचं .३२. हॅमर स्लाइडच्या आत लपलेला, त्यामुळे कुठे काही अडकत नाही. मुठीच्या पाठीला एक दाबपट्टी, ती तळव्याने दाबल्याशिवाय मूळ पिस्तूल उडत नाही. चंद्रशेखर आझादांचं प्रयागराजच्या संग्रहालयातलं पिस्तूल याच घराण्यातलं. डोळे मिटले, हात वर केला, उघडले. पुन्हा १५ तारीख. लुगरसारखा डौल नाही, पण इतकं निमूटपणे माझ्या हातात आजवर काही बसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांबरोबर त्या दुकानात गेले. एक निवृत्त सुभेदार आपलं वडिलोपार्जित वेब्ली .३२ घेऊन आले होते, डावी पट्टी तडकली होती. त्यांनी आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून दोनदा आत बघितलं, मग दुकानदाराने बघितलं, मग ते गादीवर ठेवलं. त्यांच्यासमोर मी ते धरलं. मूठ नळीला जवळजवळ काटकोनात, हातोडीसारखी. नेम खाली जातो. "वडिलांनी पन्नास वर्षं वापरलं, त्यांचा हात त्याला वळला होता," सुभेदार म्हणाले. पट्टीवरची चौकड्यांची नक्षी अंगठ्याखाली पुरती झिजून गुळगुळीत झाली होती, बाकी पट्टीवर जशीच्या तशी. नवी पट्टी करताना तिथे नक्षी कोरायची की नाही, यावर ते आणि अण्णा पाऊण तास बोलले. ठरलं की कोरायची नाही.

कोल्हापूरने राही सरनोबत दिली, जिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. मीही तोच प्रकार खेळते, .२२ चं पिस्तूल, एका हाताने. त्यात ग्रिप हाताप्रमाणे घडवून घेता येते, नियमांच्या चौकटीत. निघायच्या आधी मी भीतभीत विचारलं, अण्णा, माझ्यासाठी कराल?

त्यांनी पिठाच्या पिशवीचा तपकिरी कागद पसरला. चप्पल लाइनीत पायाचं माप घेतात तसा माझा पंजा त्यावर ठेवायला लावला आणि सुताराची पेन्सिल कडेकडेने फिरवली, बोटांच्या मधून सावकाश. मग बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत व्हर्नियर लावलं, तीनदा, तिन्ही आकडे लिहिले. तळव्याच्या उंचवट्यावर अंगठा दाबून बघितला.

"लहान हाय, पण मऊ न्हाई," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला रेंजवरनं थेट या. घट्टं ताजं असलं की मूठ खरी कळती."

१५ तारखेला सराव सकाळी आहे. तो उरकून तशीच स्वारगेटला जाणार आहे.