बाप्पा फरशीवर

आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाची पत्रिका दर संक्रांतीला माझ्या गळ्यात पडते. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं,' एवढ्या भांडवलावर. मजकूर पाच मिनिटांत होतो, रात्र जाते ती फुकटचं चित्र शोधण्यात.

यंदा एक देखणा गणपती सापडला. पीएनजी, म्हणजे मागचा भाग पारदर्शक ठेवता येतो अशी फाइल. मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी, म्हणजे पार्श्वभूमी पारदर्शक. गुलाबी पत्रिकेवर बसवला तर चौकटीही सोबत आल्या. म्हटलं, छापताना जातील. कुठल्या जातात! त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या होत्या. रविवार कारंजावरून चाळीस पत्रिका छापून आणल्या, तर बाप्पा बाथरूमच्या फरशीवर बसलेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टाइल्स छान निवडल्यास गं."

लेक म्हणाला, "आई, रविवर्मांची लक्ष्मी घ्यायचीस की. ते १९०६ साली गेले. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर ६० वर्षांनी चित्र सगळ्यांचं होतं." हे आधी सांगायला काय झालं होतं?

पण मला खरं तर सुगड हवं होतं. क्लिप आर्टमध्ये हॅलोविनचे भोपळे ढिगाने, हसरे, रडके, टोपी घातलेले. सुगड शोधलं की कुंड्या येतात. शेवटी ओट्यावरच पाच सुगडं मांडली. हरभरा, बोरं, गाजर, उसाची कांडी. मागची कुकरची शिटी ताटाने झाकली आणि फोटो काढून विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवर टाकला. तिथे टाकलेलं चित्र कुणीही वापरावं, हवं तर त्यावर पैसेही कमवावेत. मी निवडलेल्या परवान्यात अट एवढीच, की काढणाऱ्याचं नाव द्यायचं. पैसे कमवण्याचं वाचून बोट जरा अडखळलं, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं मी लोकांचे दिवे, कलश, मोर विनानावाचे उचललेच होते.

मग नादच लागला. गेल्या पावसाळ्यातला, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटोही चढवला. गोदेला पूर किती, हे आम्ही नाशिककर त्याच्यावरूनच मोजतो. त्या दिवशी पाणी कमरेला लागलं होतं.

परवा भर दुपारी पुण्याहून मामीचा फोन. "अगं, जपून राहा. घाटाकडे फिरकू नका." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. वर लाल अक्षरांत 'नाशिक, आत्ताची परिस्थिती', खाली भलत्याच कुणाचं तरी नाव. मारुती कमरेइतक्या पाण्यात. आणि उजव्या कोपऱ्यात जांभळी छत्री धरून उभे असलेले आमचे हे.

मी तेव्हा गच्चीत होते. रखरखीत उन्हात कुरडया उलटत होते.

"मामी, तो जांभळ्या छत्रीवाला दिसतोय का?"

"हो गं, कसा उभा राहिलाय बघ तो वेडा, एवढ्या पुरात!"