सड्यावरून डॉक्टरांशी

लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल होत नव्हतं, म्हणून आम्ही पुण्याच्या डॉक्टरांकडे जायला लागलो. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करत पुणं गाठायचं म्हणजे दिवस गेलाच. एसटीच्या थांब्यावर कुणीतरी विचारणारच, "काय गो, कुठं निघालीस?" आणि तिथे नुसते रिपोर्ट दाखवून दहा मिनिटांत बाहेर. तिसऱ्या खेपेला डॉक्टरच म्हणाल्या, "बोलण्यापुरतं व्हिडिओ कॉल करा, तपासणी असेल तेव्हाच या."

घरात रेंज नाही. शिवाय पाळी, वीर्य हे शब्द माजघरात मोठ्याने बोलणं मला जमणारं नव्हतं. म्हणून स्कूटर काढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर गेलो. कातळावर रेंज भरपूर, पण वाराही तितकाच. शेवटी इअरफोनचं एकेक टोक दोघांनी कानात घातलं आणि मी माइकवर ओढणी धरून बसले.

डॉक्टरांनी आधी आमची नावं, वयं विचारली. 2020 च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यात हे ठरवून दिलेलं आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही लागतो, तो जरूर बघा.

दवाखान्यात हे कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी कातळाच्या भेगेतलं गवत उपटता उपटता म्हणाले, "माझी तपासणी कधी करायची?" पाच वर्षं रक्त मीच देत होते. आधीच्या दवाखान्यात यांच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "खरं तर ती पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती." मला इतकं हलकं वाटलं की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत, पुन्हा विचारून घेतली.

वीर्याचा नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचावा लागतो. घरून नेणं शक्य नव्हतं, म्हणून चिपळूणच्या लॅबमध्येच दिला, तीन दिवसांचा संयम पाळून. शुक्राणूंची हालचाल कमी निघाली.

सोनोग्राफी काही फोनवर होत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी आणि पुढे नवव्या दिवसापासून दिवसाआड मी चिपळूणला जायचे. रिपोर्टचा फोटो एकदा इतका हलला की बीजकोशाचे (ज्यात स्त्रीबीज वाढतं ती पिशवी) 16 मिमी डॉक्टरांना 18 वाटले. 18 च्या पुढे गेलं की बीज सुटायचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण 36 तासांनी आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं), म्हणजे सगळंच चुकलं असतं. मी आकडा वाचून दाखवला म्हणून निभावलं. तेव्हापासून रिपोर्ट स्कॅन करून पाठवते आणि आकडे तोंडानेही सांगते.

आययूआयला मात्र पुण्याला गेलो. पहिल्या खेपेला यश आलं नाही. ते सांगताना सड्यावर मला रडू आवरेना. डॉक्टर गप्प थांबल्या, रांगेतल्या पुढच्या पेशंटचं नाव कुणी पुकारलं नाही. मग त्यांनी यांना विचारलं, "तुम्ही कसे आहात?"

पुढच्या पाळीपासून दुसरा प्रयत्न. तोवर पाऊस लागेल आणि सड्यावर विजांचं भय असतं, म्हणून चिपळूणच्या मामेबहिणीकडे तिच्या खोलीची किल्ली मागून ठेवली आहे.